जीभ वटवाघळाची, कौतुक पक्ष्याचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील इक्वेडोरच्या जंगलांविषयीचा लेख वाचला. तलवारीसारख्या चोचीच्या हमिंगबर्डला तीन रकाने आणि ‘अनौरा फिस्टुलाटा’ या वटवाघळाला तळाशी एक चौकट, तीही ‘किळसवाणे, पण उपयुक्त’ अशा मथळ्याची, हा न्याय अजब आहे. पक्ष्याची चोच शेपूट वगळता उरलेल्या शरीराहून लांब असते, हे लेखकाने दोनदा सांगितले. ज्या वटवाघळाची जीभ सुमारे साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे त्याच्या देहाच्या दीडपट बाहेर येते आणि आत घेतल्यावर बरगड्यांच्या पोकळीत मावते, ते मात्र लेखकाच्या मते ‘फुलातील मध चोरते’. सेंट्रोपोगॉन निग्रिकन्स या वनस्पतीच्या लांब, नळीसारख्या फुलांचे परागण हाच ‘चोर’ करतो; तेच काम पॅसिफ्लोरा मिक्स्टाच्या फुलांवर करणारा हमिंगबर्ड ‘परागदूत’ ठरतो. हे औदार्य एकाच पाहुण्यापुरते का?

अशा विशेषणांचे पुढे काय होते, हे आम्ही अनुभवले आहे. करोनाच्या काळात वटवाघळांविषयीचे असेच एक कात्रण आमच्या सोसायटीच्या सूचना फलकावर झळकले आणि आठवडाभरात कुंपणालगतच्या जुन्या उंबराच्या फांद्या बुंध्यापर्यंत छाटल्या गेल्या. तक्रार काय, तर रात्री येणारी वटवाघळे उंबरे चघळून त्यांचा चोथा खाली उभ्या मोटारींवर टाकतात. त्याच उंबरावर दिवसभर तांबट आणि बुलबुल जेवत असत व त्यांची विष्ठा त्याच मोटारींवर पडत असे; समितीच्या बैठकीत मोबाइलवरून फिरलेली छायाचित्रे मात्र केवळ चोथ्याची होती. मी हरकत घेतली, तेव्हा ‘काका, तुम्हीच पाळा एक’ असे उत्तर मिळाले. अर्थात समितीला तरी दोष कसा द्यावा? 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही फलाहारी वटवाघळांना अनेक दशके उंदीर आणि कावळ्यांच्या पंक्तीत उपद्रवी म्हणूनच बसवले होते.

जाता जाता आणखी एक. लेखासोबत ‘हमिंगबर्ड’ म्हणून छापलेले छायाचित्र जास्वंदीवर बसलेल्या आपल्या शिंजिराचे आहे. हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर आढळत नाहीत, एवढी माहिती पुरवणी विभागात कुणालाच नसावी, याचे नवल वाटते. दुरुस्ती छापावी आणि शक्य झाल्यास ती छायाचित्राइतक्याच ठळकपणे छापावी.

कळावे,
आपला एक नियमित वाचक