राजमाचीचा रस्ता रुंद नको, ओढ्यांवर मोऱ्या हव्यात

माननीय सार्वजनिक बांधकाम मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

लोणावळ्याहून तुंगार्ली धरणाच्या बाजूने राजमाची किल्ल्याच्या पायथ्याला, उधेवाडी गावाला जाणारी वाट सुमारे १५ किलोमीटरची. पायी चार-पाच तास. मी ती वीसेक वर्षं तुडवतोय, तरी ती गुळगुळीत करून द्या, असं मागायला हे पत्र लिहीत नाहीये.

गेल्या जूनमध्ये काजवे बघायला निघालो होतो. एका ओढ्यात मोठी फोर बाय फोर पोटापर्यंत रुतलेली. चाक जागच्या जागी गरगरतंय, धक्का देणाऱ्यांच्या तोंडावर चिखल उडतोय. मागे तेरा गाड्या (मोजल्या, दुसरा उद्योगच नव्हता), सगळ्यांचे हेडलाइट चालू. नर काजवा लुकलुकतो, मादी उत्तर देते, तेव्हा त्यांचं जुळतं. त्या झगमगाटात कोण कोणाला दिसणार? समोरून आलेली उधेवाडीचीच एक जीप अडकून पडली होती, आत तापाने फणफणलेलं पोर. बापाने त्याला खांद्यावर घेतलं, रांग ओलांडली आणि कुणाच्या तरी मोटारसायकलवरून लोणावळा गाठलं.

सकाळी परतताना चाकोऱ्या गुडघाभर खोल झालेल्या आणि त्यांतून पाणी वाहतंय. मुरूम एकदा सुटला की इथला पाऊस पुढचं काम बघतो.

गाडी नेली की श्रीवर्धन आणि मनरंजन हे राजमाचीचे दोन्ही बालेकिल्ले एका दिवसात होतात, असं मित्र सांगतात. होतात. मीही एकदा नेली होती. दगडावर ऑइल चेंबर फुटला आणि गावच्या पोरांनी दोरी लावून ओढली. कर्जतकडून कोंढाणे लेण्यांवरून चढणाऱ्या पायवाटेवर हा प्रश्नच येत नाही.

रस्ता उधेवाडीकरांचा आहे. त्यांच्यासाठी ओढ्यांवर मोऱ्या बांधा, उभ्या चढांवर काँक्रीट टाका. रुंदीकरण मात्र नको. मेअखेर ते सप्टेंबर बाहेरच्या खासगी गाड्या तुंगार्लीलाच थांबाव्यात, यासाठी आपण वन खात्याशी आणि जिल्हाधिकाऱ्यांशी बोलावं. ज्यांना पायी चालवत नाही, त्यांनी गावच्या जीपने जावं. भाडं गावातच राहील.

दिवाळीनंतर काम निघालं तर पुढच्या पावसाआधी मोऱ्या उभ्या राहतील. पाहणीला याल तेव्हा आपलीही गाडी तुंगार्लीलाच ठेवा.

आपला,
एक डोंगरभटक्या, पुणे