काकू, तुम्ही वही काढलीत

आदरणीय काकू,

सा. न. वि. वि.

वर्ग संपल्यावर मी आभार मानायला आले, तेव्हा तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदललात. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. न्यू जर्सीतल्या एडिसन आणि आसपासच्या मराठी मंडळींना तरी कळू दे, की त्यांच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका शनिवारी सकाळी शेजारच्या पर्थ अँबॉयला कुणाला इंग्रजी शिकवायला जातात.

माझ्या सासूबाई डॉमिनिकन रिपब्लिकच्या. मध्यंतरी कोळंबी खाल्ल्यावर त्यांच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, मळमळायला लागलं. घरी कुणी नव्हतं. त्या एकट्याच दवाखान्यात गेल्या आणि काउंटरवर म्हणाल्या, 'आय ॲम इन्टॉक्सिकेटेड.' त्यांच्या स्पॅनिशमध्ये 'इंतोक्सिकादा' म्हणजे खाण्यातून बाधलेली. इंग्रजीत मात्र झिंगलेली. काउंटरवरच्या बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. दारूच्या थेंबालाही कधी न शिवलेली, रविवारचं चर्च न चुकवणारी ही बाई सुजलेल्या तोंडाने तिथे बसून राहिली. दुभाषा बोलावण्याची तसदी कुणी घेतली नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांवर १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली ती जबाबदारी आहे, पण काउंटरवर तो कायदा कोण सांगणार?

यातून काय होऊ शकलं असतं ते मला नंतर कळलं आणि अंगावर काटा आला. १९८० साली फ्लोरिडात विली रमिरेझ नावाच्या १८ वर्षांच्या मुलाला बेशुद्धावस्थेत इस्पितळात नेलं होतं. घरची माणसं क्यूबन, त्यांनी हाच शब्द वापरला. खाण्यातून बाधलं असावं, असं त्यांना म्हणायचं होतं. डॉक्टरांनी अमली पदार्थांचा अतिरेक समजून उपचार केले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. ते लक्षात येईपर्यंत फार उशीर झाला आणि मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. नंतर भरपाईचा आकडा सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरच्या घरात गेला. त्या पैशाचं तो मुलगा काय करणार, काकू?

सासूबाईंनी आधी इंग्रजीच्या दुसऱ्या एका वर्गात रीतसर फी भरली होती. तिथल्या शिक्षकांनी दवाखान्यातला हा प्रसंग ऐकून आधी स्वतः हसून घेतलं, मग तो वर्गाला विनोद म्हणून सांगितला. वर म्हणी-वाक्प्रचारांच्या झेरॉक्स हातात दिल्या. पाऊस पडला की इंग्रजीत कुत्री-मांजरं कशी कोसळतात, ते पाठ करा म्हणे. माझ्या सासूबाईंना दवाखान्यात तोंड उघडता यायला हवं होतं! त्यानंतर त्यांनी इंग्रजी बोलणंच सोडलं. दुकानातसुद्धा सहा वर्षांच्या नातवाला पुढे करायच्या.

तुमच्या वर्गात पहिल्या दिवशी मी मागे बसले होते. इंग्रजीने कधी अडवलं ते प्रत्येकाने सांगायचं होतं. सासूबाईंनी मान खाली घालून सांगितलं, आणि दोघं-तिघं हसलेच. तुम्ही 'चूक' हा शब्द उच्चारला नाहीत. पिशवीतून स्वतःची वही काढलीत, त्यांच्याजवळ खुर्ची ओढलीत आणि म्हणालात, "तुमच्याकडे कसं म्हणतात, मला पुन्हा सांगा." मग तो शब्द देवनागरीत लिहून घेतलात. शेवटचा 'द' जरा मऊ हवा, असं त्यांनी सुचवलं. तुम्ही पुन्हा म्हणून दाखवलंत. त्यांनी मान हलवली. पुन्हा म्हणालात. जमलं, तेव्हा कुठे त्या शब्दाशेजारी इंग्रजीत 'फूड पॉयझनिंग' लिहून वही त्यांच्याकडे सरकवलीत. चाळीस वर्षं घर चालवलेल्या त्या बाईची मान तेव्हा वर झाली. काकू, मी ते विसरणार नाही.

मग तुम्ही वर्गाला इंदूरची गोष्ट सांगितलीत. नवीन लग्न झालेलं, शेजारीण विचारते, मुलांना शिक्षा कुठे देणार, आणि तुम्ही दचकता! हिंदीतलं शिक्षण मराठीत दंड होतं, हे त्या डॉमिनिकन आणि मेक्सिकन मंडळींना अगदी नेमकं कळलं. १०६६ नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर इंग्रजीत फ्रेंच शब्द शिरले, फ्रेंच आणि स्पॅनिश दोघी लॅटिनच्या मुली, म्हणून या शब्दांचे चेहरे ओळखीचे वाटतात पण अर्थ फसवतात, हेही त्याच ओघात. स्पॅनिश 'एक्सितो' म्हणजे यश, इंग्रजी 'एक्झिट'सारखं बाहेर जायचं दार नव्हे. 'आक्तुआल्मेंते' म्हणजे सध्या, 'ॲक्चुअली' नव्हे. आणि 'मोलेस्तार' म्हणजे नुसता त्रास देणं, पण इंग्रजीत 'मोलेस्ट' म्हणजे लैंगिक अत्याचार, नातवाला शाळेत मुलं छळतात हे सांगताना तो शब्द वापरलात तर पोलीस येतील. हे सासूबाईंना वेळेवर कळलं, हे केवढं मोठं काम!

मला सर्वांत पटलं ते वेगळंच. स्पॅनिश बोलणाऱ्याला 'व्हॉमिट' सोपं, कारण घरी 'वोमितार' आहे. नर्स मात्र विचारते, 'डिड यू थ्रो अप?' शुद्ध हरपली का, हे 'पास आउट' म्हणून विचारते. लांबलचक शब्द कळतात आणि असल्या चिमुकल्या शब्दांशी अडतं. तुम्ही आधी हे शिकवलंत. वाक्प्रचार नंतर, तेही देवाणघेवाण करत. इंग्रजीत थट्टा करायची तर पाय ओढतात, स्पॅनिशमध्ये त्यासाठी केस धरतात, मराठीत पाय ओढणारा निराळाच. त्या दिवशी सासूबाई कितीतरी महिन्यांनी मोकळ्या हसल्या.

पदव्या पुष्कळांकडे असतात. समोरच्याला लाज वाटू न देता शिकवणारी माणसं विरळा. परक्या देशात आलेल्या, पन्नाशी-साठीच्या माणसाला अडाणी न समजणं ही साधी माणुसकी आहे, आणि तीच न मिळाल्याने किती आजी-आजोबा या देशात घराच्या चार भिंतींत मुके होऊन बसतात, ते आपल्या मराठी घरांतही बघतेच आहे.

परवा सासूबाईंनी ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे स्वतः फोन लावला. सुरुवातच तुम्ही पाठ करून घेतलेल्या वाक्याने, 'आय नीड ॲन इंटरप्रिटर, प्लीज.' आणि दुभाषी येईपर्यंत कोळंबी, सूज, मळमळ सगळं इंग्रजीतच सांगून मोकळ्या झाल्या.

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, सुरू आहे, त्यामुळे आमच्याकडे राजमा, नारळाचं दूध आणि रताळं घालून करतात ती गोड 'आबिचुएलास कोन दुल्से' शिजते आहे. शनिवारी वर्गाला मोठा डबा येईल. तुमचा वेगळा बांधला आहे, नाही म्हणू नका. सासूबाईंनी निरोप दिलाय, की या पदार्थाचं नाव वहीत लिहून घ्यायचं आहे.

तुमची,
पर्थ अँबॉयची सून