रोमला जातोयस तर ते रिकामं मैदान बघून ये

चिनू,

तुझा मेसेज बघितला, १६ ते १९ डिसेंबर रोम, कलोसियमचं तिकीटपण काढलंस, छान वाटलं. फोनवर तू कायम घाईत असतोस म्हणून लिहूनच पाठवते, ट्रेनमध्ये निवांत वाच.

कलोसियम बघच, पण तिथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर सर्कस मॅक्सिमस आहे तिथे नक्की जा. सर्कस म्हणजे तंबूतली नाही रे, रथांच्या शर्यतीचं मैदान, पॅलाटाइन आणि अ‍ॅव्हेंटाइन या दोन टेकड्यांच्या मधे. आता नुसतं गवत आहे, तिकीटही लागत नाही, म्हणून लोक फोटो काढून पुढे जातात. पण इ.स. ८० मधे कलोसियम उघडलं त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून रोमचे उत्सव इथे व्हायचे, आणि कलोसियममधे साधारण ५० हजार माणसं मावत असतील तर इथे दीड लाख तरी बसायची. सप्टेंबरमधे ज्युपिटरचा, म्हणजे रोमनांच्या मुख्य देवाचा, मोठा उत्सव असायचा, देवांच्या मूर्ती मिरवणुकीने थेट मैदानात आणायचे आणि मग शर्यती.

मोठ्या शर्यतीत १२ रथ, प्रत्येकाला चार घोडे, सात फेऱ्या. मधल्या कठड्यावर मोठी लाकडी अंडी आणि डॉल्फिन लावलेले, एक फेरी झाली की एक खाली, म्हणजे लांबच्या माणसालाही कळायचं किती राहिल्या. सारथी लगाम हातात धरायचा नाही नुसता, कमरेला गुंडाळून घ्यायचा, सगळ्या अंगाचं वजन टाकून घोडे वळवायला, आणि पट्ट्यात एक सुरी खोचलेली, कारण रथ उलटला तर लगाम कापून सुटायचं, नाहीतर घोडे फरफटत नेणार. ती सुरी काढायला किती वेळ मिळत असेल याचा मी फार विचार करते.

टीम चार, लाल पांढरी निळी हिरवी. धाकटा प्लिनी म्हणून एक रोमन लेखक होता, त्याने तेव्हाच लिहून ठेवलंय की हे लोक वेगावर किंवा सारथ्याच्या कसबावर खूश असते तर समजलं असतं, पण यांचं प्रेम कापडावर आहे, ऐन शर्यतीत रंग बदलले तर हे पण लगेच फिरतील. मला ते पटतं. डायोक्लीस नावाचा एक सारथी २४ वर्षं पळाला, ४,२५७ शर्यती, १,४६२ जिंकला आणि ४२ व्या वर्षी धडधाकट रिटायर झाला, पण असं नशीब थोड्यांचंच. निळ्या टीमचा क्रेसेन्स, उत्तर आफ्रिकेतला मुलगा, १३ व्या वर्षी सुरुवात आणि २२ व्या वर्षी संपलासुद्धा, तुझ्याएवढाच रे. आणि फ्लोरस म्हणून एक तर अगदी पोरगा, दोन घोड्यांचा रथ चालवायचा. त्याच्या थडग्यावर लिहिलंय, मला रथ लवकर पळवायचा होता, मी लवकरच सावल्यांत, म्हणजे मेलेल्यांच्या जगात, पडलो. ती पाटी यानुआरिअस नावाच्या माणसाने बसवली, ज्याने त्याला सांभाळलं होतं, आणि फ्लोरसला त्याने सगळ्यात गोड लेकरू म्हटलंय. दीड लाख माणसं ओरडायची त्या मैदानातल्या पोराला लेकरू म्हणणारा हा एक माणूस, मी ते वाचून बराच वेळ तशीच बसून होते.

आणि १७ तारखेला तू तिथेच आहेस, तो सॅटर्नेलियाचा, म्हणजे सॅटर्न या रोमन देवाच्या सणाचा दिवस. फोरममधे, म्हणजे जुन्या रोमच्या मुख्य चौकात, आठ खांब उभे दिसतील ते सॅटर्नचं देऊळ, वर्षभर मूर्तीच्या पायाला लोकरीचा दोर बांधलेला असायचा, तो या दिवशी सोडायचे. घरोघरी गुलामांना पंगतीला बसवायचे, काही घरांत मालक स्वतः वाढायचे. सारथ्यांमधेही बहुतेक गुलामच होते, म्हणून मला तो दिवस आवडतो आणि त्रासही होतो, कारण नंतर परत सगळं होतं तसंच.

तर कलोसियमची घाई करू नकोस. मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा, ६०० मीटर आहे फक्त, आणि जिथे वळण होतं तिथे थांब, बहुतेक रथ तिथेच उलटायचे. तुझ्या दुपारी १२ ला व्हिडिओ कॉल लाव, इथे साडेचार होतात, मी शाळेतून आलेली असते. मलापण दाखव ते वळण.

कानटोपी घेऊन जा.

आई