शिरोरेषा तोडू नका

मा. संपादक,

लातूर, बीड, परभणीकडची मुलं हल्ली लघुपट झकास करतात. पण शीर्षक हललं की अक्षरं विस्कटतात. दोष बहुधा फॉन्टचा नसतो. इंग्रजीसाठी बनवलेली 'एकेक अक्षर' ही तयार हालचाल मराठीला लावली, की वेलांटी एकीकडे आणि व्यंजन भलतीकडे जातं. 'लक्ष्मी'चे तर तुकडेच!

आधी सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींचं मजकूर-इंजिन (जोडाक्षरं, वेलांट्या नीट जुळवणारी सोय) निवडा. शुद्धलेखन तपासून मगच टंकलेल्या मजकुराचं रूपांतर अक्षरांच्या चित्राकारांत करा (नंतर ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही, म्हणून मूळ मजकुराची प्रत ठेवा). काना-मात्रेसह प्रत्येक अक्षर वेगळ्या थरावर, शिरोरेषा स्वतंत्र. सेकंदाला 25 फ्रेम (चित्रचौकटी) असतील तर 12 फ्रेममध्ये रेषा डावीकडून ओढा. मग दोरीवरच्या कपड्यांसारखी अक्षरं तिला लटकू द्या, प्रत्येकी 3 फ्रेमच्या अंतराने. रेषेवरचा रफार, मात्रा त्याच क्षणी वर उगवू द्या. थांबताना वेग मंदावला नाही तर अक्षर आदळल्यासारखं दिसतं. स्थिर झालेलं नाव मनात दोनदा वाचून होईपर्यंत हलवू नका. चकाकी, ठिणग्या वगैरे आम्हाला तरी नकोशाच वाटतात.

— शीर्षककाम करणारे काही वाचक, लातूर