राजीनामा नको, नोटीसच राहू दे

१५ जून

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही धाकट्याला म्हणालात, 'कंपनी काढतेच आहे तर आपणच राजीनामा देऊन मोकळा हो, कागदावर काढून टाकल्याचा शिक्का नको.' त्यामागे त्याच्या अब्रूची काळजी आहे, ते मला पुरेपूर कळतं. पण जर्मनीत हा सल्ला फार महागात पडतो. फोनवर अर्धं राहून जाईल म्हणून सगळं लिहून काढते आहे. आई, तूही नीट वाच, कारण तो शेवटी तुमचंच ऐकतो.

नोकरी गेल्यावर तिथे जे पैसे मिळतात त्यांना आर्बाइट्सलोझनगेल्ड म्हणतात. आपण सरळ बेकारभत्ता म्हणतो आणि तिथेच घोळ होतो, कारण भत्ता म्हटलं की सरकारने केलेली मदत वाटते. हा चक्क विमा आहे, १९२७ पासून चालत आलेला. पगाराच्या २.६ टक्के हप्ता जातो. निम्मा कामगाराच्या पगारातून, निम्मा कंपनीकडून. गेली चार वर्षं त्याच्या प्रत्येक पगारपत्रकात ही कपात आहे. मागच्या ३० महिन्यांत १२ महिने हप्ता भरलेला असला की हक्क तयार होतो. त्याचे २४ महिन्यांपेक्षा जास्त भरले आहेत, म्हणून त्याला पूर्ण १२ महिने मिळतील. पन्नाशीच्या आत एवढंच मिळतं. गाडीला अपघात झाल्यावर विम्याचे पैसे घेताना आपल्याला लाज वाटत नाही, मग इथे का वाटावी?

आता राजीनाम्याचं. सबळ कारण नसताना स्वतःहून नोकरी सोडली तर १२ आठवडे काहीही मिळत नाही. याला श्पेरत्साइट म्हणतात. पुष्कळांना वाटतं, तीन महिने उशिरा सुरू होईल, एवढंच ना? तसं नाही. हे दिवस पुढे ढकलले जात नाहीत, एकूण हक्कातून किमान पाव हिस्सा कापला जातो. म्हणजे त्याच्या ३६० दिवसांतले ९० कायमचे गेले.

दुसरा सापळा जास्त गोड बोलून लावलेला असतो. कंपनी म्हणते, 'आपण परस्परसंमतीने वेगळे होऊ, वर थोडी रक्कमही देऊ.' त्या कराराचं नाव आउफहेबुंग्सफरत्राग. त्यावर सही केली की नोकरी संपवण्यात तुमचाही हात होता असं धरतात आणि तीच १२ आठवड्यांची शिक्षा लागू शकते. नोटिशीची मुदत पुरी न करता करार झाला आणि त्यात रक्कम मिळाली, तर भत्ता काही काळ वेगळा अडकतो. म्हणून पुढ्यात आलेल्या कागदावर तिथल्या तिथे सही करायची नाही. घरी आणायचा, कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवायचा, मग बोलायचं. त्याला १२ जूनला जी नोटीस मिळाली ती कागदावर, शाईच्या सहीची आहे. तिथे तशीच लागते, ईमेलवरची नोटीस कायद्यात बसत नाही. तिच्याविरुद्ध कोर्टात जायचं तर हातात पडल्यापासून तीन आठवडे मिळतात, म्हणजे ३ जुलैपर्यंत. ही मुदत कुणी आठवण करून देत नाही.

सगळ्यात जास्त माणसं चुकतात ती नोंदणीत, कारण नोंदण्या दोन आहेत आणि नावं जवळजवळ सारखी. पहिली, 'मी काम शोधतो आहे' अशी. ती नोकरी संपायच्या किमान तीन महिने आधी करायची. त्याची नोकरी ३० सप्टेंबरला संपते, म्हणजे ३० जूनच्या आत. नोटीसच उशिरा मिळाली तर कळल्यापासून तीन दिवसांत. चुकली तर एक आठवड्याचा भत्ता जातो. दुसरी, 'मी बेकार झालो' अशी. ती फार तर बेकारीच्या पहिल्या दिवशी, म्हणजे १ ऑक्टोबरला, रोजगार कार्यालयात स्वतः जाऊन किंवा ओळखपत्राच्या इलेक्ट्रॉनिक सोयीने ऑनलाइन. पैसे या दुसऱ्या नोंदणीच्या दिवसापासून मोजतात, मागचे दिवस भरून देत नाहीत. पहिली केली आणि निर्धास्त राहिला, असं व्हायला नको. शिवाय भत्त्याचा अर्ज निराळा भरायचा असतो. पगाराचा दाखला कंपनी परस्पर ऑनलाइन पाठवते. तो अडकला की अर्ज जागचा हलत नाही, म्हणून आठवड्याने विचारून खात्री करायला हवी.

रक्कम किती? मागच्या वर्षभराच्या पगारावरून ते हातात येणारा पगार ठोकळमानाने काढतात, त्याचे ६० टक्के. मूल असेल तर ६७. आपली छकुली त्याच्या करनोंदीत आहे ना, एवढं त्याने पाहायचं. पैसे महिना संपताना येतात, त्यामुळे ऑक्टोबरचं घरभाडं त्याला शिलकीतून द्यावं लागेल. आरोग्यविम्याचा हप्ता मात्र भत्ता सुरू असेपर्यंत कार्यालय भरतं, ती चिंता करू नका.

आई, तू म्हणालीस की दोन महिने घरी येऊन विसावा घेऊ दे. हे लिहिताना मला जड जातं आहे, पण आत्ता बोलावू नकोस. भत्ता घेणारा माणूस बोलावलं की मुलाखतीला जाऊ शकेल असा असावा लागतो. बाहेर जायला वर्षाकाठी तीन आठवडे मिळतात, तेही आधी परवानगी घेऊन, आणि पहिल्या तीन महिन्यांत खास कारणाशिवाय ती देत नाहीत. न सांगता गेला आणि कळलं तर तेवढ्या दिवसांचे पैसे परत मागतात. यायचंच असेल तर ३० सप्टेंबरच्या आत, शिल्लक रजेवर यावं. रजा वापरलेली बरीच, कारण तिचे रोख पैसे घेतले तर तेवढे दिवस भत्ता सुरू होत नाही.

किरकोळ काम करता येतं, आठवड्याला १५ तासांपेक्षा कमी. महिन्याला १६५ युरोपर्यंतची कमाई सोडून देतात, वरची भत्त्यातून वजा होते. पण पहिल्या दिवसापासून कळवायची, अगदी शंभर युरो असले तरी. लपवलेलं पुढे सापडतं आणि दंडासकट वसूल होतं.

कार्यालय नोकऱ्या सुचवेल, त्यांतल्या काही कमी पगाराच्या असतील. पहिले तीन महिने २० टक्क्यांहून जास्त घट त्याच्यावर लादता येत नाही, पुढचे तीन महिने ३० टक्के. सातव्या महिन्यापासून भत्त्याइतका पगारही चालवून घ्यावा लागतो. तेव्हा मनासारखी नोकरी शोधायची ती पहिल्या सहा महिन्यांतच, आणि म्हणून सुरुवातीचे दिवस मोलाचे.

व्हिसाचंही सांगते. नोकरी मुदतीआधी संपली की दोन आठवड्यांत परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. हा भत्ता हप्त्यांतून आलेला असल्याने तो घेतला म्हणून 'सरकारवर ओझं' ठरत नाही. गरजूंना मिळणारी सरकारी मदत वेगळी असते, तिचे परिणाम वेगळे. दोन्हींची गल्लत करून कित्येक जण हक्काचा पैसाही मागत नाहीत.

निर्णयाचं पत्र आलं की त्यातले दिवस आणि पगाराचे आकडे स्वतः ताडून बघायचे. चूक दिसली तर एका महिन्यात लेखी हरकत घेता येते, तिला पैसे पडत नाहीत.

आज रात्री तो फोन करेल. नवी नोकरी कधी लागणार, हे नका विचारू. पहिली नोंदणी झाली का, आणि कंपनीने दिलेल्या कागदावर अजून सही केली नाहीस ना, हे दोन प्रश्न विचारा. आणि बाबा, राजीनाम्याचं तुम्हीच मागे घ्या, तुमच्या तोंडून ऐकलं तर त्याच्या मनावरचं उतरेल.

तुमची,
ताई