आधी काटे मोजा, मग कुऱ्हाडीला नावं ठेवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रं घेऊन खेळायच्या खेळावर चक्क अर्धं पान पाहून बरं वाटलं. खेळ १९७४पासून चालत आलाय, पण कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन तासन्‌तास बसणाऱ्या आम्हा मंडळींची दखल क्वचितच कुणी घेतं. लेख चांगलाच होता. फक्त नवख्यांसाठीच्या चौकटीत असा सल्ला आहे की, उडणाऱ्या शत्रूपुढे तलवार-कुऱ्हाडीचा उपयोग नाही, तेव्हा प्रत्येकाने धनुष्य बाळगावं. तो वाचून एखादी पोरगी हौसेनं घेतलेली कुऱ्हाड टाकून देईल, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी बारा वर्षं डीएम (डन्जन मास्टर) आहे. म्हणजे गोष्ट सांगायची मी, राक्षसांचे फासे टाकायचे मी आणि वाद झाला तर निवाडाही मीच करायचा. त्यामुळे या खटल्यात मी आरोपी आहे, हे आधीच कबूल करतो.

माझी भाची चौथ्या लेव्हलची बार्बेरियन, म्हणजे रानटी योद्धा, खेळते. ताकद १८, चपळाई १०, हातात दोन्ही हातांनी चालवायची मोठी कुऱ्हाड. एका सेशनला मी तिच्या टोळीवर मँटिकोर सोडला. सिंहाचं धड, वटवाघळाचे पंख आणि शेपटीत काटे, जे तो लांबून फेकतो. त्याचं मिनिएचर (छोटी प्रतिकृती) एका डबीवर ठेवलं आणि सांगितलं, हा ४० फूट वर आहे. खाली मोकळं मैदान, त्यात एक उलटलेली गाडी, बाकी नकाशा कोरा. जादूगार आणि क्लेरिक (टोळीतला पुजारी) त्या गाडीआड लपले, तिरंदाज बाण मारत राहिला आणि भाची नुसती उभी.

नुसती उभी असं म्हणणंही कमीच. बार्बेरियनला राग चढवता येतो, त्यात शत्रूला मार जास्त बसतो आणि स्वतःला कमी लागतो. पण आम्ही खेळतो त्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या पुस्तकाप्रमाणे आपला टर्न (पाळी) संपताना त्याने मागच्या टर्नपासून कुणावर हल्लाही केला नसेल आणि त्याला लागलंही नसेल, तर राग तिथेच उतरतो. माझा मँटिकोर काटे मारत होता गाडीकडे. पोरीचे दिवसभराचे तीन राग, त्यातले दोन आभाळाकडे बघण्यात गेले. पाचव्या राउंडला (सगळ्यांची एकेक पाळी म्हणजे एक राउंड) ती फाशांचा मनोरा रचायला लागली. डीएमला याहून मोठी शिवी नाही.

नवव्या राउंडला मी तीन फासे उचलले, क्लेरिकला आडवा केला, आणि ती मान वर न करता म्हणाली, “मामा, त्याच्या शेपटीत काटे असतात तरी किती रे?”

मी पुस्तक उघडलं. २४. एका राउंडला ३, म्हणजे ८ राउंडचा साठा. संपलेले पुन्हा उगवतात, पण पूर्ण विश्रांतीनंतर. नवव्या राउंडचे तीन काटे मी उधारीवर मारले होते! ते परत घेतले, क्लेरिक उठून बसला, आणि मँटिकोरपुढे दोनच रस्ते उरले: निघून जा, नाहीतर पंजे मारायला खाली ये.

खाली आला. भाचीनं शेवटचा राग चढवला आणि कुऱ्हाड एका हातात लोंबकळत ठेवून दुसऱ्या हातानं त्याला धरला. मँटिकोर माणसापेक्षा आकाराने एकच पायरी मोठा, त्यामुळे हे नियमात बसतं. धरलेल्याचा वेग शून्य होतो आणि वेग शून्य झालेल्याला उडता येत नाही. पुढच्या टर्नला तिनं त्याला ढकलून आडवा पाडला. वेग शून्य असल्यामुळे त्याला उठताही येईना. मोठी कुऱ्हाड एका हातानं चालत नाही, म्हणून ती खाली टाकून कमरेची छोटी काढली. आता तक्रार तिरंदाजाची सुरू झाली, कारण लांबून आडव्या शत्रूवर नेम धरताना दोन फासे टाकून त्यातला लहान आकडा घ्यावा लागतो. नऊ राउंड हाच आम्हाला धनुष्याची थोरवी ऐकवत होता.

खेळ आटोपल्यावर तिच्या कागदावर दोरखंडाच्या खाली लिहिलेल्या चार जॅव्हलिन, म्हणजे फेकायचे हलके भाले, सापडल्या. २०१४च्या नियमांत बार्बेरियनच्या सुरुवातीच्या सामानातच त्या मिळतात. दोघांच्याही लक्षात नव्हत्या. धनुष्याच्या सल्ल्यातली चूक इथे दिसते. जॅव्हलिन पुस्तकात जवळच्या हत्यारांच्या तक्त्यात आहे आणि फेकतानाही ताकदच धरली जाते. मँटिकोरचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, १४. ३० फुटांच्या आत जॅव्हलिनला ताकदीची भर मिळते, म्हणून भाचीला वीस बाजूंच्या फाशावर ८ किंवा जास्त पडायला हवेत, म्हणजे शंभरात ६५ वेळा लागेल. लाँगबो, म्हणजे मोठं धनुष्य, चपळाईवर चालतो, तिथे तिला १२ लागतात, म्हणजे ४५ वेळा. माझा राक्षस ४० फुटांवर होता. जॅव्हलिन १२० फुटांपर्यंत फेकता येते, पण ३०च्या पुढे दोन फाशांतला लहान आकडा, हे खरं. रागाचा जादा मार २०१४च्या नियमांत फेकलेल्या हत्याराला मिळत नाही, हेही खरं. पण हल्ला केला की राग टिकतो, आणि तिचे दोन राग वाचले असते.

झडप घालून निघून जाणाऱ्या शत्रूला हात लावता येत नाही, असंही चौकटीत आहे. लावता येतो. शत्रू तुमच्या हत्याराच्या पल्ल्यातून बाहेर पडताना त्याच्यावर एक वार करायला मिळतो, मग तो चालत जावो की उडत. झडप घालून हा वार न खाता निघून जायची आयती सूट ज्यांच्या नोंदीत ‘फ्लायबाय’ लिहिलंय त्यांना. गंमत म्हणजे २०१४च्या पुस्तकात ती घुबडाला आहे, लाल ड्रॅगनला नाही.

जुने डीएम यात जास्त शहाणे होते, असं माझं मत आहे. १९७९च्या डीएमसाठीच्या पुस्तकात नियम होता की पंख असलेल्या प्राण्याचे निम्म्याहून जास्त हिट पॉइंट (किती मार सोसता येतो त्याचा आकडा) गेले की त्याला उतरावंच लागतं, आणि पाऊण भागाहून जास्त गेले तर तो सरळ कोसळतो. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत बोजड उडणाऱ्यांना हवेत ठरावीक वेगाने पुढे सरकत राहावं लागे, जागच्या जागी तरंगणं नाही. ‘पाथफाइंडर’ या याच जातीच्या दुसऱ्या खेळाच्या २०१९च्या आवृत्तीत दर टर्नच्या तीन कृतींपैकी एक उडण्यावर खर्च करावी लागते, नाहीतर पडलात. या सगळ्यांत वर राहण्याची काहीतरी किंमत मोजावी लागते. पाचव्या आवृत्तीने ती जवळजवळ माफ करून टाकली, आणि माझ्यासारख्या आळशी डीएमने राक्षस डबीवर ठेवून दिला.

आता मी १९७९चा नियम आमच्या टेबलावर घरचा नियम म्हणून चालवतो. नकाशावर एखादा मनोरा किंवा कडा काढतोच, म्हणजे कुणाला वरून शत्रूवर उडी टाकायची असेल तर टाकता येते. दर १० फुटांना एका सहा बाजूंच्या फाशाइतका मार, एवढंच उडी टाकणाऱ्याला लागतं. भाचीला ते परवडतं, तिनं दोनदा टाकलीय. आणि काटे मी आता पेन्सिलीनं रेघा ओढून मोजतो. ती वहीत डोकावून खात्री करते.

तेव्हा चौकटीतल्या त्या दोन ओळी पुढच्या रविवारी दुरुस्त कराव्यात, ही विनंती.

आपला,
एक वाचक