होमगार्डच्या काकांना, टँकरच्या रांगेतून

काका, सप्रेम नमस्कार.

पत्र मुद्दाम उघडं लिहितोय. तुम्ही शिकवलेलं दिवा पूर्वेतल्या आजूबाजूच्या चाळींनाही हवंय, आणि दर वेळी तुम्हालाच बोलावणं बरं दिसत नाही. पाणीपुरवठ्याच्या शटडाऊनला टँकर येतो तेव्हा डोकी फुटू नयेत म्हणून तुम्ही दोन रविवार घातलेत, एक पैसाही न घेता. होमगार्ड हे दलच 1946 च्या डिसेंबरात मुंबईत दंगली आवरायला उभं राहिलं; त्या खाकीचं वळण तुमच्यात अजून आहे.

तुमचं पहिलंच वाक्य होतं, ‘आधी आकडा, मग नळ.’ पाणी कमी असलं तरी माणूस कुरकुरत थांबतो. आपल्यापर्यंत पोचणार की नाही हे कळेनासं झालं की मागचा पुढच्याला ढकलतो. म्हणून टँकरचं झाकण उघडून आत बघायचं, आणि मगच बोलायचं. टँकर 10,000 लिटरचा भरलेला असेल तर 120 खोल्यांना 40 लिटरचे दोन-दोन कॅन, म्हणजे 9,600. उरलेले 400 हातचे. चार माणसांच्या घरात माणशी 20 लिटर येतं. आणीबाणीत शक्यतो माणशी 15 च्या खाली जायचं नाही, हे तुम्ही खडूने भिंतीवर लिहिलंत ते अजून पुसलेलं नाही. 6,000 च आले तर घरटी एकच कॅन. 4,800 गेले की राहिलेल्या 1,200 त तान्ही मुलं आणि आजारी असलेल्या खोल्यांना दुसरा. पण हे पहिला कॅन भरायच्या आधी सांगायचं. साठाव्या खोलीला कात्री लावली की खरी मारामारी तिथेच.

ते हातचे 400 लिटर आम्हाला आधी उधळपट्टी वाटले होते. आता कळतं, ते भांडणावर ओतायचं पाणी आहे. कुणाची चिठ्ठी हरवली, कुणाचा कॅन सांडला, तर वाद न घालता त्यातून द्यायचं.

कॅनची रांग लावायची नाही, हे पटायला वेळ लागला, कारण वर्षानुवर्षं तीच पद्धत. पण कॅन कुणीतरी पायाने सरकवतो आणि पाहिलेलं कुणीच नसतं. त्याऐवजी खोली नंबर घातलेल्या चिठ्ठ्या, दर वेळी वेगळ्या रंगाच्या, नाहीतर जुनी चिठ्ठी पुन्हा फिरते. एका वेळी 20 नंबर पुकारायचे, बाकीच्यांनी घरात थांबायचं. आज 1 पासून, पुढच्या वेळी 120 पासून उलटं, म्हणजे शेपटाला कायम तीच घरं राहत नाहीत.

टँकरचं तोंड रस्त्याकडे. ड्रायव्हर केबिनमध्ये, चावी लावलेली. भरलेला कॅन घेऊन जाणाऱ्याची वाट वेगळी, त्याने रांग कापायची नाही. आणि टँकर यायच्या आधी अर्धा तास आजूबाजूचे पेव्हर ब्लॉक, विटा, सोड्याच्या बाटल्या, प्लास्टिकच्या खुर्च्या उचलायच्या. खुर्चीही फेकली जाते, हे तुम्ही म्हणालात तेव्हा हसू आलं होतं. कमिटीच्या ऑफिसातल्या काठ्याही तुम्ही काढायला लावल्यात. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे, पण गरजेपुरताच. आणि हातात काठी दिसली की जमाव तुम्हाला पंच नाही, पार्टी समजतो.

नळावरचा माणूस आणि तक्रार ऐकणारा वेगळा हवा. ऐकणाऱ्याने समोरासमोर छाती काढून उभं राहायचं नाही. किंचित तिरकं, दोन हात अंतरावर, तळवे उघडे. ‘शांत व्हा’ म्हणायचं नाही, त्याने माणूस हमखास भडकतो. ‘खोली नंबर किती?’ विचारायचं आणि दोन पावलं बाजूला न्यायचं, कारण चारचौघांत माघार कुणी घेत नाही. अंगाला हात नाही, तोंडासमोर मोबाइल नाही. ओरडणारा परवडला, ओरडता ओरडता गप्प झालेला, घड्याळ काढून खिशात टाकणारा जास्त धोक्याचा. नळ बंद करण्याची धमकी कधीच द्यायची नाही, त्यानेच झुंबड उडते. हाताबाहेर गेलं तर नळ चालू सोडून आपण निघायचं. पाणी गेलं तर गेलं.

अफवेचा भाग तुम्ही सगळ्यात शेवटी घेतलात, आणि आवाज खाली आणलात. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात 1 जुलै 2018 ला मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं, तेही ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलेले असताना. पालघरच्या गडचिंचल्यात 16 एप्रिल 2020 ला अशाच अफवेने दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर गेले; ते गाव 2014 पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. म्हणून परक्या माणसाला जमावाच्या डोळ्यांदेखत खोलीत घालून कडी लावणं पुरेसं नाही. खोलीला मागचं दार हवं, आणि त्याला तिथून लगेच बाहेर काढायचं. चौकशी आपण करायची नाही. 112 ला फोन: आधी ठिकाण, ओळखीच्या खुणेसकट, मग माणसं किती, हातात काय, कुणी जखमी आहे का. पलीकडून सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. उचललं की धरत आलेली गुठळी सुटते.

पुढच्या शटडाऊनसाठी पिवळ्या चिठ्ठ्या कापून ठेवल्यात. तुमची शिट्टी पंपाच्या खोलीत खिळ्याला आहे: एक लांब म्हणजे पुढचे वीस, तीन छोट्या म्हणजे कॅन टाका आणि घरात चला. शिट्टी मात्र परत मागू नका.

आपले,
पाणी वाटणारे, चाळ कमिटी, दिवा पूर्व